चिकटपट्टीखालचे पंधरा सेकंद

मेश्राम काकांच्या टीव्हीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला आहे. काडेपेटीएवढा. टीव्ही मोठा आहे, नवा आहे आणि कुठेही फुटलेला नाही. तरी एप्रिलपासून तो तुकडा तिथेच आहे, कारण बेसबॉलच्या मॅचमध्ये नेमक्या त्या जागी एक घड्याळ दिसतं आणि ते घड्याळ काकांना मान्य नाही.

काकू त्याच टीव्हीवर मराठी मालिका बघतात. त्या एकदा मला म्हणाल्या, "त्या सुनेनं दुधात काय टाकलं ते पट्टीखाली गेलं बघ. साखर होती की विष, चार भाग कळलंच नाही मला."

"विषच असणार," काका म्हणाले. "हल्ली सगळ्यांना सगळं लवकर संपवायची घाई झालीय."

मी काकांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. अमेरिकेतल्या या श्रूजबरी गावाहून बसने माझं कॉलेज अर्ध्या तासावर आहे. उमरेडला माझ्या बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माणसांबद्दल लिहायची मला सवय नाही. त्यामुळे काकांबद्दल काही कमीजास्त लिहिलं गेलं, तर तो दोष माझा धरावा.

घड्याळाचं प्रकरण मला काकांनीच समजावलं. बेसबॉलमध्ये पूर्वी वेळेचं बंधन नव्हतं. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हवा तेवढा वेळ घ्यायचा. टोपी काढायचा, घालायचा, आकाशाकडे बघायचा. समोरचा बॅटर हातमोजे सोडून पुन्हा बांधायचा. मग काही वर्षांपूर्वी वरच्या लोकांनी नियम केला: पंधरा सेकंदांत चेंडू टाका. बॅटरनेही वेळेत तयार व्हायचं, नाहीतर चेंडू न टाकताच त्याच्या नावावर स्ट्राइक. असे तीन स्ट्राइक झाले की तो आउट.

"अर्धा तास!" काका सोफ्यावर मूठ आपटून म्हणाले. "प्रत्येक मॅचमधून अर्धा तास कापला बे यांनी! कुणाला विचारून? मला विचारलं? तुला विचारलं?"

मला अमेरिकेत येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. मी म्हणालो, "नाही, मला नाही विचारलं."

"मग! हा अन्याय आहे. लिहून घे."

'लिहून घे' हे काकांचं नेहमीचं. सुरुवातीला मी खरंच वही काढायचो.

गंमत अशी, की काकांची नोकरीच मुळी वेग वाढवण्याची आहे. एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर हळू चालू लागलं, की काकांना बोलावतात. ते दोन दिवस बसतात आणि चार सेकंदांचं काम एका सेकंदावर आणतात. मी भीत भीत ही विसंगती दाखवली. काका लालबुंद झाले. "सर्व्हर आणि माणूस यांत फरक आहे की नाही? सर्व्हरला कुणी सांगतं का, जरा बस, आरामात बोल म्हणून?"

बेसबॉलचं बोलताना 'आरामात बोल' कुठून आलं, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

काका इथल्या आमच्या टीमला पत्रं लिहीत. ईमेल नव्हे, पत्रं. 'आपला विश्वासू' याच्या इंग्रजीवर ते अडून बसायचे आणि मला वाचायला द्यायचे, कारण मी "शिकतोय". एका पत्रात त्यांनी मागणी केली होती, की पिचरला निदान घाम पुसायला तरी वेगळी वेळ मिळावी. दुसरं पत्र एक्स्ट्रा इनिंगबद्दल. नऊ इनिंगनंतर बरोबरी झाली, तर खेळ पुढे चालू राहतो. पण आता तो लवकर संपावा म्हणून प्रत्येक जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर, म्हणजे रनच्या अर्ध्या वाटेवर, एक रनर आधीच उभा करून देतात. या रनरवर काकांचा विशेष राग.

"तो तिथे पोचला कसा? मारला का त्यानं चेंडू? धावला का? फुकट उभा! आमच्या आजोबांना गावच्या शाळेत आत बसू देत नव्हते, दारातून शिकले ते. एकेक पायरी स्वतःच्या पायानं चढलो आम्ही. अन् हा येतो अन् डायरेक्ट अर्ध्या वाटेवर उभा राहतो!"

उत्तर एकाही पत्राला आलं नाही. एकदा एक टोपी आली. ती काकूंनी बागकामाला घेतली.

पण काकांचा सगळ्यात विचित्र प्रकार मी जुलैमध्ये पाहिला. शेजारच्या देशमुख काकांकडे बार्बेक्यू होतं, सात-आठ मराठी घरं जमली होती आणि अंगणात टीव्हीवर मॅच लावली होती. आमची टीम एका रनने पुढे होती. शेवटची इनिंग. समोरच्या टीमच्या बॅटरने चेंडू थेट प्रेक्षकांत मारला आणि बरोबरी झाली. सगळं अंगण हळहळलं. मेश्राम काका मात्र मक्याचं कणीस उंचावून ओरडले, "वा रे पठ्ठ्या!"

देशमुख काकांचा चिमटा हवेतच राहिला. "मेश्राम, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?"

"मी मॅचच्या बाजूनं आहे!"

"मागच्या आठवड्यातही तुम्ही त्यांनाच टाळ्या वाजवल्या. आपली टीम हरली यार!"

"हरू दे. पण पूर्ण खेळून हरू दे. घाईघाईत जिंकण्यात काय शोभा आहे?" आणि एका कानात पांढरा इअरबड असलेले काका कुंपणापाशी जाऊन पुटपुटायला लागले, "आता मजा आहे. बघच तू."

मला वाटायचं ते रेडिओची कॉमेंट्री ऐकतात आणि 'बघच तू' हे पिचरला असतं. घरीही तसंच. सोफ्यावर एकटे बसून "हो ना", "डावखुरा आणायला हवा होता", "हट्!" असं चाललेलं असायचं. मी म्हटलं, क्रिकेटवेडे असतात तसंच हे.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी स्वयंपाकघरात आईला फोन केला. आई म्हणाली, "जेवलास का?" मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "अभ्यास?" मी म्हणालो, "चालू आहे."  ती माझ्या अभ्यासाबद्दल काय विचारणार, आणि मी तिला काय सांगणार! मी फोन ठेवला तर मागे काका उभे.

"किती मिनिटं झाली?"

"चार."

"बरंय तुझं," काका म्हणाले आणि चहा न घेताच बाहेर गेले.

मला राग आला. चार मिनिटांत बरं काय आहे? मी काकूंना तसं बोलूनही दाखवलं. काकूंनी कणीक मळता मळता दार बंद आहे ना ते पाहिलं.

"अरे बेटा, ते रेडिओ नाही ऐकत. कानात मितू असते."

मितू म्हणजे संघमित्रा, त्यांची मुलगी. दहा वर्षांची असल्यापासून बापाच्या शेजारी बसून मॅच बघायची. डॉक्टर होत होती. तिसऱ्या वर्षी सोडून दिलं आणि टेक्सासला, फ्रिस्कोला जाऊन लहान मुलांच्या शाळेत शिकवायला लागली. काका रागात म्हणाले, पुन्हा फोन करू नकोस. तिने केला नाही. आठ महिने. मग सीझनच्या पहिल्या मॅचला, पहिला चेंडू पडायच्या आधी काकांचा फोन वाजला. "बाबा, आर यू वॉचिंग?"

"तेव्हापासून हे असं," काकू म्हणाल्या. "मॅच सुरू झाली की फोन सुरू, शेवटचा आउट झाला की बंद. बोलणं फक्त मॅचचं. ती कशी आहे, काय खाते, एक शब्द नाही. ते सगळं मागाहून मला विचारतात. दोघं एकाच मातीचे, हट्टी. आता तूच सांग, अर्धा तास कुणाचा कापला?"

 संध्याकाळी काकांनी नवं पत्र वाचायला दिलं, तेव्हा मी एकही चूक काढली नाही.

सप्टेंबरअखेरच्या रविवारी दुपारी सीझनची शेवटची मॅच होती. आमची टीम स्पर्धेतून केव्हाच बाहेर गेली होती. देशमुख काका गवत कापत होते. मेश्राम काकांनी मात्र इस्त्रीचा शर्ट घातला होता. यानंतर पुढच्या वसंतापर्यंत मॅच नाही. म्हणजे फोनही नाही. हे मला माहीत आहे, हे काकांना माहीत नव्हतं. मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलो.

मॅच दुष्टपणे भराभर चालली होती. पट्टीखाली सेकंद पळत होते. शेवटच्या इनिंगला आम्ही एका रनने मागे. दोन आउट; तिसरा झाला की मॅच संपली. तिसऱ्या बेसवर आमचा रनर. तो चारही बेस संपवून 'घरी' आला की बरोबरी आणि खेळ पुढे चालू. काका उभे राहिले. मीही.

बॅटरवर दोन स्ट्राइक होते. नवा पोरगा, घाबरलेला. त्याने हातमोजा सोडला, पुन्हा बांधला. पिचर चेंडू घेऊन वाट बघत होता. आणि अंपायरने आपल्या मनगटावर टकटक केलं. वेळ संपली. तिसरा स्ट्राइक. मॅच खलास, सीझन खलास. चेंडू टाकलाच नव्हता.

"अन्याय!" काका एवढ्या जोरात उसळले, की इअरबड उडून सोफ्याखाली गेला. त्यांनी फोन उचलला, कुठलं तरी बटण दाबलं आणि घरभर आवाज घुमला.

"बाबा! आर यू किडिंग मी? बॉल टाकलाच नाही! दॅट्स रॉबरी!"

"लिहून घे तू! मी लेटर पाठवणार!"

"आय विल साइन इट! कॉपी मला पाठवा! आणि तो अंपायर, बाबा, त्याला काय ट्रेन पकडायची होती?"

दोघं एकमेकांवर चढून बोलत होते. अंपायर, वरचे लोक, घड्याळ, तो फुकटा रनर, सगळ्यांचा उद्धार झाला. काकू पीठभरल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर खेळाडू मैदान सोडून गेले, मग जाहिराती लागल्या. मी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

केव्हातरी दोघांचाही राग संपला.  काकांनी फोनकडे पाहिलं, मग काळ्या पडद्याकडे. मॅच नव्हती, आणि फोन चालू होता. ते सोफ्याच्या कडेवर बसले, घसा खाकरला.

"मितू," ते म्हणाले. "जेवलीस का?"