गराडे सरांची खुशाली

आमचे गराडे सर सकाळी कुणाला 'गुड मॉर्निंग' म्हणत नाहीत. दारातूनच विचारतात, "जिवंत आहेस का?" आपण "आहे" म्हणायचं, की स्वारी पुढच्या टेबलाकडे. एका नव्या मुलीने लाजून नुसती मान हलवली, तर म्हणाले, "उत्तर आलं नाही. मेलेली धरू का?"

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत सर क्लाउड आर्किटेक्ट. म्हणजे चाकणच्या कारखान्यांची सॉफ्टवेअरं दूरच्या सर्व्हरवर चढवायची आणि चालती ठेवायची. प्रत्येक सर्व्हर दर मिनिटाला 'मी आहे' असं कळवतो. गप्प बसला, की त्याच्या जागी दुसरा उभा करायचा. "बोलणाऱ्याची काळजी नसते गं, गप्प बसणाऱ्याची असते," हे सरांचं ब्रह्मवाक्य. लग्नात अक्षता टाकतानाही ऐकवतील!

परवा बड्या गिऱ्हाइकासमोर बोलताना सरांच्या फोनचा भोंगा वाजला. सर पांढरेफटक. सर्व्हर बसला म्हणून आम्ही स्क्रीनवर तुटून पडलो, तर सगळं हिरवंगार.

"आपलं नाही," सर म्हणाले, "तळेगावचं. आई."

तळेगावात आई एकटी. तिच्या स्वयंपाकघरात सरांनी एक डबी बसवली होती. आई वावरतेय, हे ती डबी क्लाउडला कळवायची. डबी गप्प झाली की भोंगा. "प्लग काढलास तर मला धावत यावं लागेल," असं आईला बजावूनही ठेवलं होतं. आता आई फोन उचलेना. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकणार म्हणून सर माझ्या स्कूटरवर मागे बसले. एरवी शिस्तीचा पुतळा, पण वाटभर एकच घोषा, "फूटपाथवरून घे!"

दार आईनेच उघडलं. चांगली धडधाकट! "आलास व्हय? बस, पोहे टाकते."

डबीचा प्लग निघालेला होता. सर पाय धुवायला गेले, तशी आई माझ्या कानाशी लागली. "त्याला सांगू नगं हां. मीच काढते. फोन केला की 'बिझी हाय' म्हणतो. ह्यो काढला की कसा पळत येतो!"

बाई गं! गिऱ्हाईक तिकडे टांगलेलं, आणि इथे आम्ही पोहे खातोय. माझ्या पोटात काही राहत नाही. परतताना म्हटलंच, "सर, डबीत बॅटरी घाला. मग प्लग काढला तरी चालू राहील."

"होती. एकदा आई प्लग काढून, पोहे भिजवून दिवसभर आतबाहेर करत बसली. बॅटरीमुळे मला कळलंच नाही. संध्याकाळी शेजारणीने सांगितलं. मग बॅटरी काढून टाकली."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे! मग दर वेळी एवढे घाबरता कशाला?"

सरांनी माझ्या खांद्यावरची पकड जरा घट्ट केली.

"अगं, एखाद्या दिवशी प्लग तिने काढलेला नसेल."