लाल पेन्सिलीचा मान

सोसायटीच्या तळमजल्यावरची खोली व्यायामशाळेला द्यायची की वेलांटीबाईंच्या शुद्धलेखनाच्या वर्गाकडेच ठेवायची, याचा निकाल महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या सभेत लागणार होता. आणि बाईंचा वर्ग तर अजून स्वल्पविरामाशीच अडखळत होता.

बाईंना शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचं खरं नाव वेगळंच. पण ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाची गय केली नाही, म्हणून विद्यार्थ्यांनी हे नाव ठेवलं आणि ते माहेर-सासरच्या दोन्ही नावांपेक्षा जास्त टिकलं. घरी बसून त्या सुनेच्या वाणसामानाच्या यादीतले काना-मात्रा दुरुस्त करायच्या. म्हणून तर ही खोली सुनेनंच शोधून दिली.

"आई, तुमचा वेळ छान जाईल," ती म्हणाली, "आणि माझा वाचेल."

मुलं आली, पण आयांनी ढकलली म्हणून. 'लिहा' म्हटलं की कुणाला झोप यायची, कुणाची वही हरवायची. तेव्हा बाईंना आपली जुनी शाळा आठवली. तिथे चूक शोधून काढणाऱ्याच्या हातात गुरुजी स्वतःची लाल पेन्सिल द्यायचे. दिवसभर ती कानावर अडकवून मिरवायचं. त्या मानापायी बाई लहानपणी मधल्या सुट्टीत डबा खायलाही विसरायच्या. त्यांनी ती रीत जशीच्या तशी उचलली. बाहेरून जो चूक शोधून आणेल, त्याच्याकडे दिवसभर पेन्सिल.

झालं. मुलं जी सुटली ती थेट रस्त्यावर. इस्त्रीवाल्याची पाटी, केशकर्तनालयाचं दरपत्रक, लिफ्टमधली सूचना, काही म्हणून सुटलं नाही. दातांच्या डॉक्टरांच्या मुलीला सगळे चिमणी म्हणायचे. तिनं तर वडिलांच्या दवाखान्याच्या दारावरचीच चूक धरून आणली. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी रंगारी बोलावला. चेअरमनसाहेबांनी सूचना लिहिणंच सोडलं. पाणी जाणार असलं की ते जिन्यात उभं राहून ओरडून सांगू लागले.

असा सगळा रस्ता शुद्ध झाला आणि पंचाईत झाली. चुकाच संपल्या. पेन्सिल डब्यात पडून राहिली आणि मुलांचे चेहरे उतरले.

मग काय झालं कोण जाणे, चुका परत उगवू लागल्या. रोज नव्या, आणि कशा, तर वेचून लावल्यासारख्या. बाईंना हायसं वाटलं. सभेच्या आदल्या संध्याकाळी त्या इस्त्रीचे कपडे आणायला गेल्या, तर पाटीखाली चिमणी उभी.

"काका, 'मिळतील'ची वेलांटी आज पहिली करा ना."

"अगं, कालच तर दुसरी करून घेतलीस."

"काल माझी पाळी होती. आज माझ्या मैत्रिणीची आहे."

"करतो. पण आईला म्हणावं, चादरी इथेच टाक."

बाई पावलं न वाजवता मागे फिरल्या. रागवावं की शाबासकी द्यावी, हेच त्यांना कळेना. नेमकी कुठली वेलांटी बिघडवायची हे कळायलाही ती आधी यावी लागते. पण वर्गाची शिस्त बसवायला आता वेळ नव्हता.

सभेत चेअरमन म्हणाले, "मुलं काय शिकली ते इथेच दिसू दे. सांगा त्यांना काहीतरी लिहायला."

बाईंनी उतारा सांगितला. मुलं मान खाली घालून, जरा जास्तच आनंदानं लिहीत होती. बाई रांगेतून कागद बघत फिरल्या. एकेका कागदावर चुकांची नुसती रास.

"हे काय गं?" त्या चिमणीच्या कानाशी लागल्या.

"या मैत्रिणीला शोधायला ठेवल्यात, बाई. तिनं माझ्यासाठी ठेवल्यात. नाहीतर आज पेन्सिल कुणालाच मिळणार नाही."

चेअरमननी कागद गोळा केले, चष्मा लावून वाचले, डॉक्टरांकडे दिले. तिथून ते पालकांत फिरले.

"अक्षर बाकी सुरेख आहे," एक आई म्हणाली.

"शोधून चूक सापडत नाही," डॉक्टर म्हणाले.

टाळ्या पडल्या. लग्नाच्या निमंत्रणपत्रिकासुद्धा दुरुस्त करून परत पाठवणाऱ्या बाई आयुष्यात पहिल्यांदा चूक बघून गप्प बसल्या. वर्ग तरी वाचला होता.

"तेव्हा," चेअरमन म्हणाले, "मुलं पूर्ण तयार झालीत. बाईंचे आभार. आता वर्गाची काही गरज उरली नाही. उद्या ट्रेडमिल येईल."

चुका दाखवाव्यात तर वर्ग नापास, न दाखवाव्यात तर वर्ग बंद.

"काका, चुका आहेत की," चिमणी म्हणाली. "सगळ्यांच्या कागदांवर आहेत. आम्ही मुद्दाम केल्यात."

"कुठे आहेत?"

"तुम्हाला दिसत नाहीत?" तिनं अगदी काळजीनं विचारलं, तिचे वडील पेशंटला 'दुखतंय का?' विचारतात तसं. "बाबा, तुम्हालापण नाही?"

डॉक्टर चष्मा पुसू लागले. खजिनदारांना एकदम फोन आठवला. मग एका आईनं हळूच विचारलं, "बाई, तुम्ही मोठ्यांना घेता का हो?"

"बाक लहान आहेत," बाई म्हणाल्या. "पण बसाल."

सोमवारी ट्रेडमिल आली, ती बाहेर पॅसेजमध्येच राहिली, आणि मुलं तिच्यावर आळीपाळीनं धावू लागली. आत पालक गुडघे छातीशी घेऊन बाकांवर बसले होते. बाईंनी पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं सांगितलं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून चेअरमनचं बोट वर आलं.

"बाई, हे डॉक्टर माझं बघून लिहितायत."

"लिहू द्या," बाई म्हणाल्या. "त्यांचंच नुकसान आहे."