पाध्ये मास्तरांच्या वहाणा

गावाबाहेरच्या सड्यावर पाऊल टाकण्याआधी पाध्ये मास्तर वहाणा काढत. देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा काढत आणि बगलेत मारत. पावसाळ्यात एक वेळ समजू शकते, चिखल लागतो. पण हे गृहस्थ भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी वहाणा काढत. सडा म्हणजे आमच्याकडचा उघडा कातळ, नजर पोचेल तिथपर्यंत पसरलेला. उन्हात त्याचा तवा होतो. त्या तव्यावरून एका हातात छत्री, बगलेत वहाणा अशा अवतारात मास्तर "हाय, हाय" करत उड्या मारत निघाले की मिरजोळ्याकडे जाणारे रिक्षावाले रिक्षा थांबवून बघत.

"मास्तर, अहो घाला की त्या पायात!" कुणीतरी ओरडे.

"पायाखाली काय काय निजलंय, ठाऊक आहे का तुला?" मास्तर तिथूनच ओरडत.

रिक्षावाला वाकून बघे. खाली काळा दगड आणि करपलेलं गवत. मग तो माझ्यासारख्या कुणा ओळखीच्या माणसाकडे बघून डोक्याशी बोट फिरवी आणि रिक्षा चालू करी.

मी नगरपरिषदेत कारकून. माझं टेबल सभागृहाच्या दाराशी, एवढ्याच पुण्याईवर ती समिती माझ्या गळ्यात पडली. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. शहराच्या हद्दीतल्या नैसर्गिक जागांबद्दल सल्ला द्यायला नागरिकांची समिती नेमा, असा वरून हुकूम आला. हुकूम आला म्हटल्यावर समिती झाली. अध्यक्ष बाबूशेठ, हार्डवेअरचे दुकानदार. माणूस दिलदार, पण कारंज्याशिवाय त्यांना निसर्ग पुरा झाल्यासारखा वाटत नसे. मिरकरवाड्याचे हसनभाई, दोन बोटींचे मालक. आणखी दोघेतिघे, जे पोहे संपले की उठत. आणि चित्रकलेचे निवृत्त शिक्षक पाध्ये मास्तर, ज्यांना सबंध जगाची काळजी पडलेली होती.

"जपून हो, जपून," हा त्यांचा मंत्र. पोरांच्या रंगाच्या वाट्या सांडू नयेत म्हणून जन्मभर वर्गात म्हणत आले, तो निवृत्तीनंतरही सुटला नाही. शिपाई चहा घेऊन आला की, "जपून रे, हिंदकळतोय." मी शिक्का मारला की, "जपून हो शुभाताई, कागद दुखावेल." कागद दुखावेल! एकदा बाजारातल्या वडाची फांदी तोडायचा विषय निघाला. मास्तर म्हणाले, तोडा, पण संध्याकाळी नको, पाखरं घरी येतात तेव्हा त्यांची फजिती होईल. ते मी इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

खरं सांगते, मास्तर जिन्यात दिसले की माझ्या कपाळाला आठ्या पडत. एक तर ते आले की तासभर जात नसत. आणि गेल्यावर त्यांची काळजी मागे माझ्या टेबलावर बसून राही.

तर त्या वर्षी चैत्रातल्या बैठकीत बाबूशेठ भलत्याच खुशीत आले. "मास्तर, तुमच्यासाठी गोड बातमी आहे. तुमच्या सड्याचं आपण निसर्ग उद्यान करतोय!"

मास्तरांचा चेहरा पडला. "म्हणजे नेमकं काय करणार?"

"लाल मातीचे ट्रक आणून कातळ झाकून टाकायचा. वर हिरवळ. जिथे खळगे आहेत तिथे खड्डे मारून झाडं. मधोमध कारंजं, रंगीत दिव्यांचं."

मास्तर उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. "माझा विरोध आहे."

"कारंज्याला?"

"झाडांना. मातीला. खड्ड्यांना तर फारच."

सभागृहात हशा पिकला. निसर्गाच्या समितीत बसून झाडांना विरोध! हसनभाई म्हणाले, "मास्तर, तुमी उद्या मला सांगाल, दर्यात पाणी नको." मास्तर हसले नाहीत. कातळावर बोटभर माती असते, तिच्यात कंद आणि बिया झोपलेल्या असतात, श्रावणात त्या उठतात, वर ट्रकभर माती पडली तर गुदमरतील, असं ते सांगत राहिले. शेवटी बाबूशेठनाच दया आली. म्हणाले, "ठीक आहे. श्रावणात समिती सड्यावर येईल. बघण्यासारखं काही असलं तर सडा तसाच ठेवू. नसलं तर कारंजं."

झालं. तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

मास्तर रोज येऊ लागले. पाऊस लागला तर, "शुभाताई, फार लागला हो. बिया वाहून जातील." उघडीप पडली तर, "ऊन तापलंय. आता सुकतात बघा." ढगाळ असलं तर, "हे असं मधलंच हवामान सगळ्यात वाईट." वर गुरं चरतात का, पोरं क्रिकेट खेळतात का, हे बघायला दिवसातून दोनदा सड्यावर फेऱ्या. वाळले बिचारे. गावात जो तो विचारी, "काय मास्तर, उगवलं का कारंजं?" एरवी मीही हसले असते. पण त्यांचा जीव असा टांगणीला लागलेला रोज समोर बघायचा म्हणजे आपल्यालाही घोर लागतो. मी घरी भात टाकताना खिडकीतून ढग बघायला लागले होते!

आणि आषाढात नको ते झालं. बाबूशेठ मुंबईला गेले होते. श्रावणापर्यंत थांबायचं ठरलंय, हे उद्यान विभागाच्या मुकादमाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला ठाऊक एवढंच, की वनमहोत्सव आला, खड्डे मारायचे. तो माणसं आणि पहारी घेऊन सड्यावर गेला. रस्त्यावरच्या टपरीवाल्याचा मला फोन, "ताई, लवकर या, मास्तरांना काहीतरी झालंय."

मी रिक्षा करून गेले. पाऊस धो धो. कातळात जिथे जिथे मातीचे खळगे होते, तिथेच पहार चालू होती. आणि मास्तर अनवाणी, छत्री कुठेतरी टाकून, या खड्ड्याकडून त्या खड्ड्याकडे पळत होते. प्रत्येक खड्ड्यात वाकून बघत आणि गड्याला विचारत, "काही लागलं का रे? पहारीला काही लागलं का?"

"दगुड लागतोय मास्तर. आणखी काय लागनार?"

तरी पुढच्या खड्ड्याशी तोच प्रश्न. म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

मुकादमाला मी असं काही फैलावर घेतलं की बस. तो म्हणाला, "लेखी हुकूम दाखवा." मी म्हटलं, "हुकूम ऑफिसात आहे, माझ्याबरोबर चल आणि साहेबांसमोर वाच. तोवर एक जरी पहार पडली तर बघ." माणसं निघून गेली. मास्तर मात्र खाली बसले आणि हातांनी माती ओढून एकेक खड्डा बुजवायला लागले. पायातून रक्त येत होतं.

"मास्तर, काय लागायचं होतं पहारीला?" मी विचारलं.

"काही नाही हो," ते म्हणाले. "कंद. कंद दुखावतात." आणि मान वर न करता माती थोपटत राहिले.

श्रावणातल्या पाहणीच्या दिवशी सकाळपासून धुकं. पावसामुळे बोटी अजून किनाऱ्याला होत्या म्हणून हसनभाईही आले. बाबूशेठनी नवे बूट घातलेले. सड्यावर पोचलो तर पांढऱ्या धुक्यापलीकडे काही दिसेना. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "आज नको होतं हो धुकं," ते माझ्या कानाशी पुटपुटले, "आज एक दिवस नको होतं."

मग वारा आला आणि धुकं सरकायला लागलं. आधी पायाशी, मग पुढे, मग सबंध सडा. निळा! सीतेची आसवं म्हणतात ती एवढीएवढीशी निळी फुलं, कातळ झाकून पार कडेपर्यंत. मध्ये पांढरे गेंद, उंचवट्यांवर तेरडा. बाबूशेठनी पाऊल उचललं आणि तसंच अधांतरी ठेवलं.

"टाकू कुठे?" ते म्हणाले. खरंच, फूल चिरडल्याशिवाय बुटाचं पाऊल टाकायला जागा नव्हती. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मुकाट्याने बूट काढले आणि एवढा अवाढव्य देह चवड्यांवर तोलत कातळाच्या चार बोटं उघड्या पट्टीवरून चालू लागले. मागून हसनभाई, "जपून शेठ, जपून!" म्हणाले आणि स्वतःच चमकले. दुपारी ठराव झाला. सडा आहे तसा राहू द्यावा. माती नाही, खड्डे नाहीत. कारंजं बाबूशेठनी स्वखुशीने बसस्टँडकडे नेलं.

मास्तर ठरावाला थांबले नव्हते. संध्याकाळी पेढे घेऊन मी त्यांच्या घरी गेले. वाटलं, आज तरी हसतील. हसले, पण उसने. त्यांच्या बायकोने, काकूंनी मात्र पेढा हातात धरला आणि म्हणाल्या, "आता मला एकदा वर ने गो शुभा. मी कधीच गेले नाही."

"नको, नको," मास्तर घाईघाईने म्हणाले. "निसरडं असतं. तुझे गुडघे."

"इतकी वर्षं निसरडंच आहे का हो?"

मास्तर उठून आत निघून गेले. मग काकूंनी सांगितलं. अगदी साध्या आवाजात सांगितलं.

त्यांना एक मुलगा झाला होता. बारशापर्यंतही राहिला नाही. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. काकू बाळंतिणीच्या खोलीत होत्या. त्यांना उंबऱ्याबाहेर येऊ दिलं नाही. मास्तर आणि त्यांचे काका त्याला घेऊन भर पावसात सड्यावर गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. पुढे मूल झालं नाही. "सड्यावर ठेवलाय, एवढंच मला ठाऊक," काकू म्हणाल्या. "दाखवा म्हटलं की ह्यांना काहीतरी निघतं. कधी ऊन, कधी निसरडं."

मला एकदम त्या खड्ड्यांशी वाकलेले मास्तर दिसले. काही लागलं का रे? सभेत एकदा, एक शब्द जरी बोलले असते, तरी बाबूशेठनी तिथल्या तिथे विषय मिटवला असता. पण मास्तर फुलांबद्दल बोलले, आणि लोकांना हसू दिलं.

दुसऱ्या दिवशी काकू ऐकेचनात. रिक्षा करून आम्ही तिघं गेलो. सड्याच्या कडेला मास्तर वहाणा काढून उभे राहिले ते उभेच. काकूंनी माझा हात धरून वर पाय ठेवला. समोर सगळा निळा पसारा. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"कुठे हो?" मग त्यांनी विचारलं.

मास्तरांच्या वहाणा बगलेतून पडल्या, त्या उचलल्या नाहीत. "पाऊस फार होता गो," ते म्हणाले. "खूण म्हणून दगड रचले होते. नंतर आलो तर गवत माजलेलं. दगड गुराख्यांनी हलवले असतील. मला जागा सापडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. तुला कसं सांगणार?"

आणि एवढा मोठा माणूस रडायला लागला. मी तोंड फिरवलं, पण माझ्याही डोळ्यांना धार लागली होती.

काकू रडल्या नाहीत. त्या त्यांच्याजवळ गेल्या, पदराने त्यांचं तोंड पुसलं. म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. जागा सापडली असती, तर तुम्ही रोज सगळा सडा कशाला हिंडला असतात?"

मग त्यांनी आपल्या चपला काढल्या, मास्तरांच्या वहाणांशेजारी नीट लावून ठेवल्या आणि हात पुढे केला.

"चला. सगळा दाखवा."