लास्मीचा उशीर

मला सुराचं काही कळत नाही. (आमच्या जावा बेटावरच्या सोलो गावात हे कबूल करणारा मी एकटाच. बाकीचे कबूल करत नाहीत.) मी वॉर्ड ऑफिसातला कारकून, रकाने सरळ आखणं एवढीच माझी कला. बायको, लास्मी, मात्र क्रोन्चोंग गाणारी. आमच्याकडचं जुनं, संथ गाणं ते. तीस वर्षं ती लग्नांतून गायली आणि मी मागच्या खुर्चीत बसून मटणाचं सार ओरपलं.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, आवाजाचं मात्र सांगता येत नाही.

"मास," घरी आल्यावर ती म्हणाली (मास म्हणजे आमच्याकडचं 'अहो'), "एक तरी गाणं ठेवून जाऊ दे मला. पण स्टुडिओत नको, परक्यांसमोर रडू येईल."

"मग घरीच करू की! लॅपटॉप आहे, मी आहे."

"तुम्ही आहात, तीच तर भीती आहे."

तिच्या वाद्यवृंदातले म्हातारे चेलोवादक, पाक मार्वोतो (पाक म्हणजे आमच्याकडचं 'राव'), यांनी सगळ्यांना जमवून साथ वाजवून, रेकॉर्ड करून पाठवली. लास्मीने कानाला हेडफोन लावले, पहिली ओळ म्हटली आणि हेडफोन काढलेच.

"माझ्या मागून कोण बाई गातेय?"

"अगं, तूच ती."

"मग तिला म्हणावं, बरोबर गा, नाहीतर गप्प बस."

याला लेटन्सी म्हणतात. तोंडातला आवाज लॅपटॉपात जाऊन कानात परत यायला उशीर करतो. (आमच्या ऑफिसातली फाईलच म्हणा ना.) तीन दिवस मी त्या बाईशी झुंजलो. बिनतारी हेडफोन टाकून तारेचे आणले. सेटिंगमध्ये बफर नावाचा एक आकडा असतो. तो फार कमी केला की आवाज लाह्यांसारखा तडतडायचा, वाढवला की बाई हजर! शेवटी मधला आकडा सापडला. लास्मीने डोळे मिटून अख्खं गाणं एका दमात गायलं आणि ओढणीने डोळे पुसले. दुसऱ्याच दिवशी ती दवाखान्यात दाखल झाली.

तिला ऑपरेशनसाठी आत नेलं. बाहेरच्या बाकावर मला काही सुचेना, म्हणून लॅपटॉपवर गाणं लावलं, आणि ऐकतो तर काय! प्रत्येक ओळ तालाच्या मागे! ठोका पडून जातो आणि मग बाईसाहेब निवांत येतात. म्हणजे मेली लेटन्सी गेलीच नव्हती! आता परत गा म्हणून कुणाला सांगू?

मग मी तिच्या आवाजाचे एक्केचाळीस तुकडे केले आणि एकेक ओढून बरोबर ठोक्यावर बसवला. अगदी रकान्यात. आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं. (कच्चा कागद ठेवायची मला सवय नाही.)

ऑपरेशन उत्तम झालं. आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज.

पंधरा दिवसांनी पाक मार्वोतो तिला भेटायला आले. मी ऐटीत गाणं लावलं आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो.

"ही कोण?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कोण म्हणजे? लास्मी!"

"लास्मी कधीपासून तालावर यायला लागली? अहो हार्सोयो, क्रोन्चोंगमध्ये मागे रेंगाळायचंच असतं! ठोका जाऊ द्यायचा, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा आणि मग यायचं. हिच्याइतकं सुरेख उशिरा येणं अख्ख्या सोलोत कुणाला जमत नाही. तुम्ही तिला शाळेच्या प्रार्थनेला उभं केलंत!"

मी लास्मीकडे पाहिलं. ती रडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लास्मी, मी गाढव आहे गं."

"ती काय नवी बातमी आहे?" ती कुजबुजली. "लॅपटॉप आणा इकडे."

कुठली ओळ किती मागे होती, हे आता जगात तिलाच ठाऊक होतं. साथ लावायची, तुकडा जिथून सुरू व्हावा तिथे मी बटण दाबायचं आणि बरोबर आला की तिने मान हलवायची. "अजून थांबा... अहो, थांबा ना!" पण ठोका पडला की माझ्या बोटाने बटण आपोआप दाबलं जायचं. कारकुनाचा हात, त्याला काय धीर? शेवटी तिने माझं मनगटच घट्ट धरलं. डोळे मिटून ती साथ ऐकायची, ओठ हलायचे, आवाज नाही. ओळ यायची वेळ झाली की पकड सैल व्हायची, तेवढ्यात मी बटण दाबायचं. एक्केचाळीस तुकड्यांना चार दुपारी लागल्या.

पस्तीस वर्षांच्या संसारात तिने माझा हात इतका वेळ कधी धरला नव्हता. आणि धरला तोही, मी काही करू नये म्हणून.