एक पाकळी जास्त

दामले काका म्युझियममध्ये चित्रं बघत नाहीत, चित्रातल्या फुलांच्या पाकळ्या मोजतात. तेही मोठ्याने, कॅनव्हाससमोर बोट नाचवत. गार्ड धावत येतो, "सर, स्टेप बॅक प्लीज!" आणि मी, त्यांचा शेजारी आणि फुकटचा ड्रायव्हर, यांना ओळखतच नाही अशा चेहऱ्याने भिंतीकडे बघतो.

काकांनी जन्मभर नागपूरकडे पूल बांधले. इथे अमेरिकेत, कॅरी गावात मुलाकडे राहायला आले आणि सत्तरीत त्यांना जुन्या अमेरिकन पुष्पचित्रांचं वेड लागलं. म्युझियममध्ये उभं राहून फुलं वहीत उतरवायची, घरी येऊन रंगवायची. लाल मखमलीवर आडवं पडलेलं मॅग्नोलिया बघून म्हणाले, "बिचाऱ्याला फुलदाणी मिळाली नाही का रे?"

नक्कल मात्र हुबेहूब. फक्त प्रत्येक फुलाला एक पाकळी जास्त. मी एकदा दाखवून दिलं तर खेकसले, "गप बस. परीक्षकांचं काम तू करू नकोस."

परीक्षक म्हणजे काकू. तीस वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवलेल्या. आता स्मृती गेलेल्यांच्या केअर होममध्ये असतात. मुलाचं नाव गेलं, नातीचं गेलं, नागपूर गेलं. पण रविवारी काकांनी चित्र समोर धरलं की ताठ बसायच्या. "अहो, डोळे आहेत की बटणं? लिलीला सात पाकळ्या? सहा असतात!" काका कान पकडायचे. परतताना गाडीत तोच किस्सा मला तीनदा ऐकावा लागायचा. "ओरडली म्हणजे आहे रे ती अजून," म्हणायचे. त्या ओरडण्यासाठी म्हातारा मुद्दाम चुकतोय, हे कळायला मला सहा महिने लागले. इतका मी शहाणा!

उन्हाळ्यात काकूंच्या नजरेतून चुका सुटायला लागल्या. काका एका पाकळीऐवजी दोन वाढवायला लागले, मग तीन. परवा त्यांनी अमेरिकन चित्रं बाजूला ठेवली आणि नागपूरच्या अंगणातली जास्वंद काढली. पाचाच्या जागी नऊ पाकळ्या!

काकूंनी चित्र मांडीवर घेतलं. बराच वेळ बघत राहिल्या. काका पुढे वाकून बसलेले. ओरडा ना काकू, एकदा ओरडा, असं मी मनात म्हणत होतो.

काकू हसल्या. "छान काढलंय हो तुम्ही. घरी मिसेसना दाखवा, त्यांना आवडेल."

"दाखवतो," काका म्हणाले. "पण ती फार कडक आहे."