उमरीचा डबा

मन्मथअप्पांकडे गेलेल्या माणसाची चप्पल स्वच्छ होऊन परत येते. तुम्ही आत चहा पीत असता आणि अप्पा उंबऱ्याशी बसून तुमच्या चपलेच्या तळाची माती चमच्याने खरवडत असतात. ती तळहातावर घेऊन, दोन थेंब पाणी टाकून मळतात आणि अंगठ्याने दाबत तिची पट्टी काढतात. पट्टी लांब निघाली की विचारतात, "चिकण लई हाय. कुठून आलाव?" एकदा वीजबिल वाटणारा म्हणाला, "अप्पा, ते शेण हाय." अप्पांनी शांतपणे हात धुतला आणि म्हणाले, "तरीच."

उदगीरला आमच्या दोघांच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. अप्पांची सगळी नोकरी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून गेली. दुसऱ्यांनी आकडे काढायचे आणि अप्पांनी डबे धुवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच आकडे काढायला घेतले. कुठल्या गावची माती पिकासाठी किती पाणी धरून ठेवते, त्याचा नकाशा. गाडी नाही, म्हणून एसटी जिथे थांबते तिथलीच माती. त्यामुळे उदगीरपासून नांदेडवरून उमरीपर्यंत गेलेल्या त्या नकाशाचा आकार थेट एसटीच्या मार्गासारखा आहे. कागद माझे. मी पत्रकं लिहितो, आणि वाटून उरलेल्या पत्रकांची कोरी बाजू अप्पांना फार आवडते. पुढची बाजू त्यांनी कधी वाचली असेल, असं वाटत नाही.

"माती किती पिते ते सांगू नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पिकाला किती देते ते सांगा."

पद्धत त्यांनी मला निदान दहा वेळा समजावली. माती भिजवायची, जास्तीचं पाणी निथळू द्यायचं, वजन करायचं. मग तशाच मातीच्या डब्यात सूर्यफूल लावायचं आणि वरून मेण ओतायचं, म्हणजे पाणी फक्त रोपच पिईल. पुढे पाणी तोडायचं. रोपाने मान टाकली की संध्याकाळी त्यावर ओलं पोतं लावलेलं घंगाळ पालथं घालायचं. सकाळी मान वर आली तर मातीकडे अजून द्यायला पाणी आहे. नाही आली, तर संपलं. ती माती सोनाराच्या जुन्या काट्यावर तोलायची, गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत सुकवायची, पुन्हा तोलायची. भिजल्यावरचं पाणी आणि मान टाकल्यावर उरलेलं पाणी, यांतला फरक तोच आकडा.

"म्हणजे रोप मेलं तरी मातीत पाणी असतं?" मी विचारलं.

"असतंय की. काळ्या मातीत तर लई असतंय. पर ती सोडत न्हाई."

मला एकदम उत्साह आला. बाबांच्या चळवळीच्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली आहेत. कुठलीही गोष्ट समजायला मला तिच्यात एक दोषी लागतो. काळी माती म्हणजे साठेबाज आणि माळावरची मुरमाड म्हणजे आहे ते सगळं देऊन टाकणारी कष्टकरी, असं मी लिहायलाही घेतलं. अप्पांनी ते ऐकून घेतलं.

"मुरमाडाकडं असतंय किती? पाऊस आठ दिस थांबला की पीक उपाशी. तवा काळीच जगवती."

"मग आपण कुणाच्या बाजूचे, अप्पा?"

"सूर्यफुलाच्या," अप्पा म्हणाले आणि घंगाळ घासायला गेले. माझं पत्रक तिथेच अडकलं.

तरी नकाशा कामाचा होता, हे मलाही कळत होतं. पावसाने ओढ दिली तर कुठल्या रानातलं पीक किती दिवस तग धरेल, हे त्यावरून सांगता येणार होतं. पेरणीआधी गावोगावचे शेतकरी उदगीरला जमणार होते. तिथे नकाशा मांडायचं मी कबूलही करून बसलो होतो. एकच कागद कोरा राहिला होता, उमरीचा. उजेडात धरला की पाठीमागच्या माझ्या पत्रकातलं 'जाब द्या' उलटं दिसायचं.

उमरीला अप्पांची मुलगी महानंदा असते. तिचा मला फोन यायचा. "दादा, आमच्या रानाचा आकडा निघाला का? सोयाबीन पेरू का ज्वारी, ठरवायचंय. अप्पाला इचारलं की म्हणतेत, डबा सुकला न्हाई."

खरंच तो सुकत नव्हता. बाकीच्या डब्यांनी पंधरा-वीस दिवसांत माना टाकल्या होत्या. उमरीचं सूर्यफूल मात्र दीड महिना ताठ उभं होतं. मी गोंधळलो. मग वाटलं, उमरीच्या मातीत काहीतरी विलक्षण आहे. यावर पत्रक काढलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवरून डोकावलो. अप्पा उकिडवे बसले होते. मेणाला पाडलेल्या भोकातून खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने ते उमरीच्या डब्यात पाणी सोडत होते.

"अप्पा, ही फसवणूक आहे."

"हाव."

मी पुढची चार वाक्यं तयार ठेवली होती. समोरचा 'हाव' म्हणून सरळ कबूल झाला की काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी भिंत ओलांडून त्यांच्याशेजारी बसलो.

"महानंदाला बघायला पाव्हणे आले," टोपण बाजूला ठेवत अप्पा म्हणाले, "मग आमी त्यांच्या घरी गेलाव. सगळे बैठकीत बसले अन् मी रानात. चार हात खणलं तरी काळीच लागायली. तिथूनच ओरडून सांगितलं, पसंत हाय म्हणून."

"आणि मुलगा?"

"बघितलाच न्हाई की."

"महानंदाला विचारलं होतं?"

अप्पा मेणातलं भोक अंगठ्याने बुजवू लागले. जावई माणूस वाईट नव्हता, पण घरात शब्द खर्च करत नसे. दोन वर्षांपूर्वी तो लातूरला एका डाळमिलमध्ये कामाला गेला आणि तिकडचाच झाला. रान महानंदा एकटी बघते. हे मला ठाऊक होतं. अप्पा दर रविवारी तिला फोन करतात आणि रानात ओल किती आहे तेवढंच विचारतात, हेही मी भिंतीपलीकडून ऐकत आलो होतो.

"दोनदा मान टाकली त्यानं," डब्याकडे बघत अप्पा म्हणाले. "घंगाळ घालायला हातच झाला न्हाई."

सभेला आठ दिवस उरले असताना अप्पा म्हणाले, "पत्रक्या, चल उमरीला." मला वाटलं, नवी माती आणायची. पण त्यांच्याकडे ना खणायची पहार होती, ना पिशव्या. मांडीवर फक्त तो डबा. नांदेडला गाडी बदलताना कंडक्टर म्हणाला, "काका, झाडाचं बी तिकीट काढू का?" अप्पा गंभीरपणे म्हणाले, "काढा, अर्धं."

महानंदा दारातच होती. डबा बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"माती न्यायला आलाव का, अप्पा?"

"न्हाई. वापस आणलीय."

"मग आकडा?"

"निघाला न्हाई. माज्याकडून निघत न्हाई." अप्पा ओट्यावर टेकले. "पेरणीपोतर हितंच ऱ्हातो. रान दोघं मिळून बघू. अन् तुला काय पेरू वाटतंय, ते आधी सांग."

महानंदाने माझ्याकडे पाहिलं. ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. मला वाटलं, वडिलांना देईल. तिने आधी डब्याचं मेण नखाने उचकटलं आणि मुळाशी पाणी ओतलं. मग उरलेला तांब्या अप्पांच्या हातात दिला.

डब्यात किती ओतलं, हे अप्पांनी विचारलं नाही.