मर्व्हचा अंगठा

पुस्तक चाळून संपलं आणि लोर्नाने स्वयंपाकघरात भोकाड पसरलं. शनिवारी क्लबात तिच्या नवऱ्याची, मर्व्हची शोकसभा होती. त्यासाठी ऑनलाइन कंपनीकडून हौसेने छापून घेतलेल्या फोटोंच्या पुस्तकात मर्व्हच नव्हता.

"अगं, तो कधी होता फोटोत?" नणंद बेरिल चहा ओतत म्हणाली. "जन्मभर कॅमेरा त्याच्याच हातात. दुसऱ्याला हात लावू देईल तर शपथ!"

"पण अंगठा असायचा ना त्याचा!"

खरं होतं ते. लग्न असो, नाताळ असो, नदीकाठची सहल असो, मर्व्हने काढलेल्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्याचा गुबगुबीत अंगठा घुसलेला असायचा. त्या अंगठ्यावरून लोर्ना त्याच्याशी आयुष्यभर भांडली. आता नवरा म्हणून तेवढाच उरला होता, आणि पुस्तकात तोही नव्हता.

तिने कंपनीला फोन लावला.

"कोपऱ्यातला डाग ना? तो आमच्याकडे आपोआप पुसला जातो," पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली. "त्याचे वेगळे पैसे नाही घेत आम्ही."

"डाग? अगं भवाने, नवरा आहे तो माझा!"

मग लोर्नाने रडत रडत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता पोरगीही मुसमुसायला लागली. "मी स्वतः लक्ष घालते. दुसरं पुस्तक थेट क्लबात पाठवते. त्यांना अगदी नीट दाखवते, बघाच तुम्ही."

पोरीने शब्द पाळला, पण जरा जास्तच. शनिवारी सगळ्यांसमोर लोर्नाने खोकं फोडलं, तर मुखपृष्ठावर पानभर अंगठा. आत प्रत्येक फोटोतली माणसं कापून अंगठाच मोठा केलेला. बेरिलच्या लग्नाच्या पानावर ना नवरा ना नवरी! लोकांच्या हातातली सँडविचं हातातच राहिली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोर्नाला झालं.

शेवटी म्हाताऱ्या क्लाइव्हने चष्मा चढवला. "हे काळं नख बघा. माझ्या गाडीच्या दारात चेमटलं होतं. शिव्या घालत घालत माझीच गाडी ढकलत होता बिचारा."

"आणि हा हिरवा रंग आमच्या कुंपणाचा!" मागून कुणीतरी म्हणालं.

पुस्तक हातोहात फिरलं. लोक हसत होते, नाकं पुसत होते. लोर्ना मात्र दाराकडे बघत होती. थोड्या वेळाने सगळे आपापल्या घरी जाणार, आणि तिच्या घरी कुणीच नसणार.

निघताना बेरिलने सगळ्यांना उभं करून फोनवर फोटो काढला. लोर्नाने पाहिला. क्लाइव्ह होता, लोर्ना होती, आणि तिच्या खांद्याला खेटून एक गुबगुबीत अंगठा. बेरिलचा, पण थेट भावासारखा.

"अगं बाई! थांब, पुसते," बेरिल ओशाळली.

"हात लावशील तर बघ!" लोर्ना हसता हसता रडायला लागली. "उशिरा का होईना, आला ना तो."